पाटीवरची रेघ

१

हंगाम सुरू झाला की रोविना टेट रोज सकाळी आठ वाजता तेच एक काम करायची. पायांत लोकरी मोजे, हातात चहाचा मग, आणि लॉजच्या लाकडी सज्जात उभं राहून समोरच्या पाटीचा एक फोटो. तो डनेल बेसिन या स्की-केंद्राच्या संकेतस्थळावर टाकायचा, खाली रात्रीत किती बर्फ पडला, वारा कसा आहे, दोराच्या कुठल्या लिफ्ट चालू आहेत ते लिहायचं, की मग नाश्ता.

पाटी म्हणजे खोऱ्यापलीकडचा उतार. पसरट, तीनशे मीटर उंच, मध्ये एक खडक नाही की झुडूप नाही. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्या आठ जणांनी पाठीवर फळ्या वाहून इथे पहिली झोपडी बांधली, त्यांनीच हे नाव ठेवलं आणि त्यांनीच पहिलं पोस्टर काढलं. निळं आभाळ, पांढरा उतार, माणूस एकही नाही. खाली तीन शब्द : पाटी कोरी आहे. तेव्हापासून पोस्टरं बदलली, छपाई बदलली, पण चित्र तेच राहिलं. लोक ते पाहून क्राइस्टचर्चहून गाड्या हाकत यायचे आणि अलीकडच्या साध्या उतारांवर दिवसभर घसरून खूश होऊन परत जायचे. पाटीवर जायला कुणालाच परवानगी नव्हती. तळाशी दरी आहे, एवढंच सांगितलं जाई.

त्या गुरुवारी रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख उघडलं होतं. रोविनाने फोटो काढला, स्क्रीनवर मोठा करून पाहिला आणि मग कॅमेरा खाली ठेवला.

पाटीवर रेघ होती.

एकाच माणसाच्या स्कीची. वरच्या धारेपासून निघालेली, डावी-उजवी वळणं घेत, अगदी एकसारखी, जणू कुणी रिबीन सोडली असावी. वरून दोन तृतीयांश खाली येऊन ती संपत होती. तिथे माणूस नव्हता, पडल्याची खूण नव्हती.

रोविनाने मान वर करून पाटीकडे पाहिलं. पाटी कोरी होती.

तिने पुन्हा फोटो काढला. रेघ होती. काच पुसली, भिंग बदललं, शेवटी फोनवर काढला. तिन्हींत होती.

आयव्हर प्रिंगल खाली बर्फात खांब ठोकत होता. अठ्ठावन्न वर्षांचा, सुरक्षा पथकाचा प्रमुख, अंगात लाल कोट. या डोंगरावर कोण कुठे जातं यावर एकवीस हिवाळे त्याची नजर होती. रोविनाने त्याला वर बोलावून फोटो दाखवला.

"कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय," तो म्हणाला.

"फोनलाही?"

त्याने दुर्बीण लावली आणि पाटी वरून खालपर्यंत सावकाश पाहिली. "काही नाहीये, रो. आणि असती तर धारेवर चढून गेल्याची खूण नको? वर जायला माणसाला पाय लागतात. तिथे सशाचंही पाऊल नाही."

"मग हे काय आहे?"

"मला विचारू नकोस. मी बर्फ बघतो, फोटो बघणं तुझं काम." तो जिना उतरता उतरता थांबला. "आणि तुझ्या बहिणीला दाखवू नकोस. तिला निमित्तच हवं असतं."

२

पण रोविनाला कुठला दम निघायला. दोन वर्षं बर्फाने दगा दिला होता, लॉजच्या निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या होत्या, आणि आता पंचाहत्तरीचा समारंभ दहा दिवसांवर असताना हे असं हातात आलं होतं.

समारंभाच्या प्रदर्शनासाठी जुन्या निगेटिव्हचा एक पत्र्याचा डबा तिच्याकडे आलेला होता. तिने त्यातून पोस्टरांच्या निगेटिव्हच्या मूळ काचा शोधून काढल्या. जेवणघरातलं लांब टेबल रिकामं केलं, त्यावर दिव्याची पेटी ठेवली आणि पहिलीच काच उजेडावर धरली. भिंतीवर त्याच फोटोचं पोस्टर लटकत होतं, लहानपणापासून पाहिलेलं. कोरं.

काचेवर रेघ होती. अगदी वर, धारेलगत, नखाएवढी.

तिने दुसरी काच घेतली. दोन वर्षांनंतरची. रेघ होती, थोडी लांब. तिसरी, चौथी, पाचवी. दर वेळी लांब. वळणं तीच, त्याच जागी, फक्त पुढे नवी जोडलेली. रोविनाने पट्टी लावून मोजलं, मग उलट्या क्रमाने पुन्हा मोजलं. आणि भिंतीवरची सगळी पोस्टरं कोरी होती. म्हणजे कुणीतरी दर वेळी ती पुसली होती.

"काय करतेयस? मला नाश्ता हवाय, तुझी प्रयोगशाळा नको."

टॅम्सिन दारात उभी होती. रोविनापेक्षा आठ वर्षांनी लहान, स्की शिकवणारी, आणि डोंगरावर तिच्याइतकं सुंदर कुणी उतरत नाही हे आयव्हरही मान्य करायचा, अर्थात तिच्या मागे. रोविनाला लपवायचं सुचलंच नाही. तिने बहिणीचा हात धरून तिला टेबलाशी ओढलं.

टॅम्सिनने एकेक काच उजेडावर धरली. मग तिने बोट रेघेवरून वळणावळणाने फिरवलं.

"हा माणूस कोण आहे, रो? असं वळण मला नाही जमत."

"माणूस असेलच असं नाही. काचेला चरा असेल, रसायनाचा डाग असेल."

"पाच काचांवर तोच डाग? आणि आज सकाळी तुझ्या फोनवर?" टॅम्सिन हसली. "मला जाऊ दे ना पाटीवर. एकदाच. पंचाहत्तरीचा फोटो तूच काढ. पाटीवर पहिली रेघ, तीही एका बाईची."

"आयव्हर तुझी तंगडी तोडेल."

"त्याला आधी मला पकडावं लागेल."

दोघी हसल्या. त्याच भरात रोविनाने सकाळचा फोटो सगळीकडे टाकला आणि खाली लिहिलं : पंचाहत्तर वर्षांनी पाटीवर रेघ उमटली. कुणाची, ओळखा.

डब्याच्या झाकणावर आतून पेन्सिलीने एक नाव होतं : ओ. किसलिंग, रंगकाम. त्या आठ जणांपैकी एकटा तोच उरला होता. दरीच्या तोंडाशी ऑटर्टन गावातल्या वृद्धाश्रमात होता, तासाभराच्या अंतरावर. रोविनाने गाडीची किल्ली उचलली.

३

ओटो किसलिंग चौऱ्याण्णव वर्षांचा होता. खिडकीपाशी, गुडघ्यांवर चौकड्यांची शाल घेऊन बसला होता. खोलीत हीटरची मंद घरघर आणि वाटाण्याच्या सूपचा वास. रोविनाने स्वतःची ओळख सांगितली, समारंभाचं आमंत्रण दिलं, आणि मग फोन त्याच्यासमोर धरला.

त्याने चष्मा लावला नाही. "कुठवर आलीये?" त्याने विचारलं.

"काय?"

"रेघ, पोरी. कुठवर आली?"

खरं सांगायचं तर रोविनाला त्यात गंमतही वाटली. म्हणजे तिला भास झालेला नव्हता. ती खुर्ची ओढून बसली. "वरून दोन तृतीयांश खाली. तुम्हीच पुसायचात ना ती?"

"बारीक ब्रश आणि पांढरा रंग. पोस्टर छापायच्या आधी माझ्याकडे यायचं. चाळीस वर्षं केलं ते काम. पहिल्यांदा कमिटीने सांगितलं म्हणून, मग कुणी सांगेना तरी. पुढे ती फोटोत यायचीच थांबली, तेव्हा ब्रश खाली ठेवला."

"पण का? एवढी सुंदर रेघ आहे. लोक वेडे झाले असते."

"म्हणूनच," म्हातारा म्हणाला. त्याने हात शालीखाली घेतले. "कोऱ्या बर्फावर जायला माणूस बिचकतो. पण आधी कुणी गेल्याची खूण दिसली, की त्याला वाटतं, हा गेला तर मलाही जाता येईल. आमच्या आठांतल्या विल्फला तसंच वाटलं. आम्ही झोपडीचं छप्पर घालत होतो. तो म्हणाला, बघा, कुणीतरी काय झकास उतरलंय. आम्हाला काही दिसेना. आम्ही त्याची थट्टा केली. तो म्हणाला, जवळून बघून येतो."

"विल्फ हॅलमचा अपघात माहितेय मला. इतिहासाच्या पुस्तकात आहे. हिमकडा कोसळून गेला तो."

"ते पुस्तक मीच लिहिलंय." म्हातारा खिडकीबाहेर पाहत राहिला. "कडा कोसळला नव्हता. त्या दिवशी ढेकळाएवढा बर्फही हलला नव्हता. आम्ही तिघं तळाशी उभे होतो, तो वरून निघाला, आणि आम्ही वाट बघत राहिलो."

"आणि?"

"आणि काय. अंधार पडेपर्यंत वाट बघितली."

हीटर घरघरत होता. रोविना काही तरी बोलायचं म्हणून म्हणाली, "पण ती फक्त फोटोत दिसते. डोळ्यांनी दिसत नाही."

"फोटोत दिसते तोवर ठीक आहे," म्हातारा म्हणाला. "ज्याला डोळ्यांनी दिसते..." त्याने मान हलवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तो फोटो तू कुणाला दाखवला नाहीस ना?"

रोविनाने फोन पाहिला. सकाळपासून एकेचाळीस हजार लोकांनी तो पाहिला होता. एरवी तिने उडीच मारली असती. त्या आकड्याखाली टॅम्सिनचा निरोप होता, पाऊण तासापूर्वीचा.

रो, मला ती सज्जातून दिसतेय. फोटोत नाही, खरीखुरी. आयव्हर जेवायला गेला की निघते. कॅमेरा तयार ठेव.

४

टॅम्सिनने फोन उचलला नाही, आयव्हरचाही लागला नाही, आणि डोंगराच्या रस्त्यावर तर फोन लागतच नाही. रोविनाने चाकांना साखळ्या लावून एकवीस वळणं घेतली, तोंडाने स्वतःलाच समजावत. म्हातारा चौऱ्याण्णव वर्षांचा आहे. दुःख माणसाच्या डोक्यात काहीही बांधून ठेवतं. काचेवर चरा असू शकतो. एखादा फोटो एखाद्याला खरा वाटू शकतो. प्रत्येक वळणाला तिच्याजवळ एक नवं कारण होतं, आणि ते पुढच्या वळणापर्यंत पुरत होतं.

लॉजवर जत्रा भरली होती. गाड्या रस्त्याच्या कडेपर्यंत लागल्या होत्या. सज्जात पन्नास-साठ माणसं दाटीवाटीने उभी, सगळ्यांचे फोन पाटीकडे. कुणी दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहत होतं, कुणी मुलांना उचलून दाखवत होतं. "फोटोत बघ, फोटोत," असं जो तो सांगत होता. उन्हाने बर्फ असा चमकत होता की डोळे मिटावेसे वाटत. असा दिवस दोन वर्षांत आला नव्हता.

रोविना गर्दीतून वाट काढत आयव्हरच्या खोलीत शिरली. तो घाईघाईने बूट आवळत होता. टेबलावर अर्धवट खाल्लेलं मटणाचं पॅटिस.

"दहा मिनिटांसाठी वळलो," तो म्हणाला, "दहा मिनिटांसाठी. ती लिफ्टच्या माथ्यावरून धारेने चालत गेलीये. आता पाटीच्या माथ्यावरच्या खिंडीत, हद्दीच्या खांबापाशी आहे. ही घे दुर्बीण, आणि हा वॉकीटॉकी. माझं ऐकत नाही, तू बोल. मी निघालो."

"आयव्हर, तू पाटीवर उतरू नकोस."

"मी कशाला उतरतोय? मला गुडघे प्यारे आहेत. धारेने जातो, तिचा कान धरतो, धारेनेच आणतो."

५

दुर्बिणीत टॅम्सिन स्वच्छ दिसत होती. पिवळी टोपी, पायांत स्की, टोकं पाटीकडे वळलेली. तिच्याखाली पाटी पसरलेली, कोरी.

"टॅम्स, मी बोलतेय. मागे हो."

"आलीस? अगं, तू इथे हवी होतीस." टॅम्सिनचा आवाज आनंदाने फुटत होता. "इथून ती किती सुंदर दिसते म्हणून सांगू. ताजी आहे, रो. वळणांच्या कडा अजून धारदार आहेत. कुणीतरी आत्ता, या घटकेला गेलंय इथून."

"तिथे कुणीही गेलेलं नाही. मला उतार दिसतोय. काही नाहीये."

"तुला कधी काय दिसलंय? लहानपणापासून, टॅम्स पडशील, टॅम्स मागे हो."

"हो. आणि किती वेळा पडलीस ते मोज."

टॅम्सिन हसली. दुर्बिणीत तिची काठी पुढे टेकलेली दिसली. रोविनाच्या मागे सज्जातली माणसं टाळ्या वाजवू लागली होती. त्यांना वाटलं, हे समारंभाचंच काहीतरी आहे.

ओरडून उपयोग नव्हता. ओरडलं की टॅम्सिन नेमकी उलट करायची, हे तिने तीस वेळा अनुभवलं होतं. रोविनाने श्वास घेतला. तिला आठवलं ते तिचं स्वतःचं काम, रोज सकाळचं. बर्फावरची खूण फोटोत कशामुळे दिसते.

"बरं, जा," ती म्हणाली. "फोटो मी काढते. फक्त मला उजेडाचं सांग. रेघ बर्फात खोल गेलीये ना? ऊन तुझ्या डावीकडून येतंय. चरीत सावली कुठल्या बाजूला पडलीये?"

"सावली..." टॅम्सिन म्हणाली.

दुर्बिणीत तिची पुढे टेकलेली काठी मागे सरकली.

"रो, सावली नाहीये."

"माझ्याकडे बघ. लॉजकडे. उताराकडे बघू नकोस."

"माझी पडलीये, खांबाची पडलीये. तिचीच नाही." तिचा आवाज एकदम लहान झाला, ती सहा-सात वर्षांची असताना होता तसा. "आणि खाली जिथे ती संपते ना, तिथे कुणीतरी उभं आहे. मला हात करतंय."

"स्की काढ, टॅम्स. काढून खांबाला पाठ लावून बस. आयव्हर निघालाय."

दुर्बिणीत पिवळी टोपी खाली वाकली. एक स्की निघाली, मग दुसरी. त्याच वेळी पश्चिमेकडून ढग आला, धारेवर चढला आणि त्याने खिंड, खांब, टोपी सगळं गिळून टाकलं.

६

ढगात आयव्हरशी अधूनमधून बोलणं होत होतं. धार सापडली. स्की खांद्यावर घेऊन, दोर धरून चाललोय. खिंड जवळ आली असावी. प्रत्येक वेळी तो काहीतरी खवचट बोलायचा आणि रोविनाला धीर यायचा. सज्जावरची माणसं थंडीने आत गेली होती. कॉफीचा, ओल्या लोकरीचा वास येत होता, मुलं हसत होती.

मागचं दार उघडलं आणि टॅम्सिन आत आली.

पापण्यांवर बर्फ, ओठ निळे. स्की नव्हत्याच, त्या आणि वॉकीटॉकी दोन्ही वरच टाकून आली होती. "मला बसवेना तिथे," ती म्हणाली. "ते अजून हात करत असेल असं वाटत होतं. खांबांच्या जुन्या रांगेने पाठीमागून उतरले, धावतच." रोविनाने तिला छातीशी धरलं, इतकं घट्ट की टॅम्सिन कण्हली.

"आयव्हर भेटला नाही?"

"नाही. तो धारेने गेला का?"

रोविनाने वॉकीटॉकी उचलला. पण तिच्याआधी तोच बोलला.

"रो, सापडली गं बाई तुझी बहीण." धाप लागलेला, पण खूश आवाज. "खांबापाशी बसलेली नाहीये, अर्थात. पाटीवर आहे. माझ्या डोळ्यांदेखत निघाली. आणि ती तुझी रेघ, तीही दिसली मला. माफ कर, सकाळी मी थट्टा केली."

"आयव्हर, थांब. टॅम्सिन इथे आहे. माझ्याजवळ उभी आहे."

"ऐकू येत नाहीये नीट. ती खाली थांबलीये माझ्यासाठी, हात करतेय. मी तिच्या मागे जातो आणि घेऊन येतो."

टॅम्सिनने वॉकीटॉकी हिसकावला. "आयव्हर, मी टॅम्सिन. मी लॉजमध्ये आहे. उतरू नकोस."

"हो हो," आयव्हर प्रेमाने म्हणाला, "दिसतेयस ना मला."

रोविना सज्जावर धावली. ढग मधोमध फाटला होता, खिडकीएवढा. त्यातून पाटीचा एक तुकडा दिसत होता, उन्हात झळाळणारा. त्यावरून आयव्हरचा लाल कोट उतरत होता. एकवीस वर्षांत तिने त्याला असं उतरताना पाहिलं नव्हतं. पाण्यासारखा, एकाही हिसक्याशिवाय, वळणामागून वळण. आणि त्याच्यापुढे पन्नासेक पावलांवर, त्याच तालात, डावीकडे आणि उजवीकडे, बर्फाचे फवारे उडत होते. उडवणारं कुणी नव्हतं.

ढग मिटला.

पाटी उतरायला चांगल्या माणसाला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं गेली. पाच गेली. पथकाची चार माणसं दोर घेऊन तळाकडे निघाली. पंधराव्या मिनिटाला वॉकीटॉकी खरखरला, आणि आयव्हर बोलू लागला. मागून स्की सरकल्याचा आवाज येत होता, न थांबणारा.

"रो, असा बर्फ मी जन्मात पाहिला नव्हता. गुडघे दुखतच नाहीयेत बघ. आणि किती मोठा उतार आहे हा. खालून कळतच नाही."

"आयव्हर, थांब. बाजूला वळ आणि थांब."

"थांबतो ना. टॅम्सिन थांबली की थांबतो. पुढे बरेच जण आहेत, तिने गाठलंय त्यांना."

टॅम्सिन भिंतीला टेकून खाली बसली होती, दोन्ही हात तोंडावर.

अर्ध्या तासाने तळाला गेलेल्या माणसांनी कळवलं की दरीपर्यंत काही नाही. बर्फ हललेला नाही, कुठे एक चरा नाही. त्यानंतर दहा मिनिटांनी आयव्हर पुन्हा बोलला, तितक्याच उत्साहाने. वाऱ्यात त्याचे शब्द मोडत होते. तो विचारत होता, लिफ्ट बंद करायची वेळ झाली का, कुणी केली का.

"केली," रोविना म्हणाली. तिने खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि वॉकीटॉकी दोन्ही हातांत धरला. "सगळं नीट आहे. तू बोलत राहा, आयव्हर. मी ऐकतेय."

जेवणघरात कुणीतरी घाईने जुनी पोस्टरं भिंतीवरून काढत होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. आयव्हरच्या वॉकीटॉकीची बॅटरी दीड दिवस चालते. तेवढा वेळ ती तिथून हलली नाही.